'टॉलेस्ट', 'बिगेस्ट', 'बेस्ट' पोर्तुगीजमध्ये कसं न्यायचं

पोर्तुगीजमध्ये टॉलचं टॉलेस्ट करायला शेपूट लावत नाहीत, विशेषणाआधी 'माइश' म्हणजे 'जास्त' टाकतात आणि सगळ्यात पुढे आर्टिकल, झालं काम. फक्त नाम मध्ये येतं. (उच्चार इथे लिस्बनच्या वळणाचे लिहिलेत, ब्राझीलवाले 'माइस' म्हणतात.) पोर्तुगालचा सगळ्यात उंच डोंगर अझोर्स बेटांवरचा पीकू, २३५१ मीटर, त्याच्याबद्दल म्हणायचं 'आ मोंतान्या माइश आल्ता द पुर्तुगाल'. मोंतान्या स्त्रीलिंगी म्हणून आर्टिकल 'आ' आणि आल्तूचं (उंच) आल्ता. फ्रेंच आधी शिकलेली मंडळी माइशच्या आधी आणखी एक 'आ' घुसवतात, तो नको.

आता खरी गोची. इंग्लिशमध्ये 'इन द वर्ल्ड', मराठीत 'जगातला', त्यामुळे आपला हात आपोआप 'नू मुन्दू'कडे जातो, पण सुपरलेटिव्हनंतर, म्हणजे 'सगळ्यात'वाल्या रूपानंतर, पोर्तुगीजला 'चा' म्हणजे 'द' लागतो, म्हणून 'दू मुन्दू'. आणि हा 'द' पुढच्या नावाला आर्टिकल असेल तर त्यात मिसळतो, नसेल तर नाही, म्हणून 'दू ब्राझील' पण 'द पुर्तुगाल', 'द गोआ'. याला नियम शोधत बसू नका, नावं पाठ करा. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला आशियातल्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक म्हणतात ना, ते असं होईल: 'उमा दश मायॉरश इग्रेझश दा आझिया'. यात बघा, चर्च स्त्रीलिंगी म्हणून 'उमा', पण मायॉरला लिंगाशी काही देणंघेणं नाही, फक्त अनेकवचन घेतं, आणि बहुतेक वेळा नामाच्या आधीच बसतं.

हे मायॉर म्हणजे ग्रांदचं (मोठा) रूप. तसंच चांगल्याचं मल्यॉर, वाईटाचं पियॉर. सगळ्यात मोठं म्हणायला 'माइश ग्रांद' लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं नवशिका आहे म्हणून. छोट्याचं मात्र पोर्तुगालमध्ये 'माइश पकेनू' बिनधास्त चालतं, ब्राझीलमध्ये मनॉर म्हणतात.

आणखी एक, प्रत्येक 'मोस्ट' सुपरलेटिव्ह नसतो!! 'अ मोस्ट इंटरेस्टिंग बुक' म्हणजे नुसतं फार इंटरेस्टिंग, तिथे माइश नको, 'मुइंतू इंतरसांत' म्हणा, किंवा जरा थाटात 'इंतरसांतीसिमू'. ही ईसिमूवाली रूपं मला आवडतात पण जपून वापरा, कारण फासिलचं (सोपं) फासीलिमू होतं आणि पोब्रचं (गरीब) तर चक्क पाउपेरिमू, डिक्शनरी उघडायचा कंटाळा असेल तर मुइंतू लावून मोकळे व्हा. आणि 'मोस्ट पीपल' म्हणजे बहुतेक लोक, 'आ मायुरीआ दश पसोआश'.

'बेस्ट एव्हर' आलं तर आधी विचारा वाचणार कोण, पोर्तुगालसाठी 'द सेंप्र', ब्राझीलसाठी 'सगळ्या काळांमधला' अशा अर्थाची लांबलचक फ्रेझ.