दोन-तीन वायरलेस लिंक एकत्र चालवण्याआधी

राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी प्रत्येक लिंक, म्हणजे प्रत्येक इंटरनेट जोडणी, एकेकटी मोजून घ्या. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. गर्दीच्या वेळी पिंग (छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) किती वर-खाली होतो आणि पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) किती गळतात, ते टिपून ठेवा. दोन कंपन्यांची सिम असतील, तर दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर नाहीत ना, हे पाहा. असतील तर टॉवरची वीज गेली की दोन्ही एकदमच जातील आणि सगळा खटाटोप वाया.

मग लिंकांमध्ये डेटाची वाटणी. ती कनेक्शननुसार करा, म्हणजे एक डाउनलोड किंवा कॉल पूर्ण एकाच लिंकवरून; पॅकेटनुसार नको. एकाच डाउनलोडची पॅकेटं ३० आणि ९० मिलिसेकंद लागणाऱ्या दोन वाटांनी धाडली की मागची आधी पोचतात, टीसीपीला (पॅकेटं क्रमाने पोचवणाऱ्या नियमावलीला) वाटतं मधली हरवली, आणि तो वेग उतरवतो. दोन लिंक मिळून एकीपेक्षाही हळू! कनेक्शननुसार वाटल्यावर एका फाइलला दोन्हींचा वेग मिळत नाही, हे वापरणाऱ्यांना आधीच सांगा. तो हवाच असेल तर बाँडिंग (लिंका जोडून एकच मोठी करणं) लागेल, म्हणजे पलीकडे पॅकेटं पुन्हा जुळवणारा सर्व्हरही आला. बँकेच्या साइट एकाच लिंकवर बांधा. मध्येच आयपी पत्ता बदलला तर लॉगआउट व्हायची शक्यता असते. कॉल स्थिर लिंकवर, बॅकअप दुसरीवर.

सगळ्यात जास्त वेळ तपासणीला द्या. मेलेली लिंक राउटरला लगेच कळते, अर्धमेली कळत नाही. सिग्नलच्या कांड्या भरलेल्या, मॉडेम ‘कनेक्टेड’ म्हणतोय, पुढे मात्र काहीच जात नाही. म्हणून तपासणीचा पिंग गेटवेला (लिंकच्या पहिल्याच टप्प्याला) नको, बाहेर हवा: ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे किमान दोन सार्वजनिक सर्व्हरचे पत्ते, आणि दोन्ही गप्प झाले तरच लिंक पडली असं धरायचं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर हे काम एमवॅन३ हे पॅकेज करतं. लिंक बाद करायला सलग तीन चुका पुरे, परत घ्यायला मात्र जास्त यशस्वी पिंग मागा. नाहीतर डळमळीत लिंक सारखी आत-बाहेर करत बसेल. अपलोड तुडुंब भरला तरी पिंग अडकतो आणि धडधाकट लिंक बाद ठरते, तेव्हा अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगापेक्षा थोडी खाली लावा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) कुठल्याही लिंकवरून उत्तर देणारा ठेवा. एका कंपनीचा सर्व्हर दुसरीच्या वाटेने आलेल्याला बहुधा दाद देत नाही.

आता कॉल चालू ठेवून मुख्य लिंकच्या मॉडेमची वायर राउटरमधून उपटा. कॉल काही सेकंद थिजेल, तुटेलही. जुनं कनेक्शन नव्या पत्त्यावर सरकत नाही, ते पुन्हा जोडावं लागतं. पण ही सोपी परीक्षा. खरी हवी असेल तर वायर तशीच राहू द्या आणि अँटेना टॉवरकडे पाठ करून फिरवा.