पलटणीत धर्मगुरू व्हायचंय? तयारी अशी करा

वाईला शास्त्री झालो आणि सैन्यात धर्मगुरू म्हणून भरती झालो. सुभेदार होऊन घरी आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. पाठशाळेतली पोरं अजून विचारायला येतात, "गुरुजी, आम्हाला जमेल का?" जमेल. पण नुसता रुद्र पाठ आहे म्हणून नाही.

आधी कागदपत्रं. कुठल्याही शाखेची पदवी लागते. शिवाय संस्कृतातली आचार्य, नाहीतर शास्त्री आणि वर कर्मकांडाचा एक वर्षाचा डिप्लोमा. हा डिप्लोमाच पोरं विसरतात आणि जाहिरात आल्यावर धावाधाव करतात. तो आजच करायला घ्या. वय किमान २५ हवं. वरची मर्यादा बदलत आली आहे, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.

मग पळणं. १६०० मीटर, ८ मिनिटांत. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्याला हे सोपं नाही. मी पहाटे संध्येच्या आधी कृष्णेकाठी पळायचो. पहिल्या दिवशी निम्म्यात दम तुटला, वेळेत यायला तीन महिने लागले. तेवढे महिने हातात ठेवूनच अर्ज भरा. लेखी परीक्षेचे पेपर दोन, एक सामान्य ज्ञानाचा आणि एक आपल्या धर्माचा. दुसऱ्याची भीती नसते, म्हणून अभ्यास पहिल्याचा करा. हिंदीही सुधारा, कारण प्रवचन हिंदीतच करायचं असतं.

निवड झाली की नायब सुभेदाराचा हुद्दा, आणि प्रशिक्षण आपल्या पुण्यात, सैन्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत. आपल्याला शांतपणे शिकायला मिळतं, त्याचं सोनं करा. तिथे पंडित, शिखांचे ग्रंथी, मौलवी, पाद्री सगळे बरोबर असतात. आपला मंत्र तुम्हाला येतोच. शेजारी बसलेल्याची प्रार्थना शिका. मी ग्रंथीजींकडून अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, ऐकून ऐकून देवनागरीत वहीत उतरवली, उच्चार चुकला की ते थांबवायचे.

पुढे एका उंच चौकीवर आमचा एक शीख जवान दगावला. बर्फाने वाट बंद, ग्रंथीजी खाली अडकलेले. मी वही उघडली, डोकं झाकलं आणि अरदास म्हटली. आवाज कापत होता. त्याचा जोडीदार शेजारी उभा राहून प्रत्येक ओळीला ओठ हलवत होता.

दवाखान्यात जखमी जवानाकडे गेलात तर लगेच स्तोत्र सुरू करू नका. स्टूल ओढून बसा, गाव विचारा, घरी कोण कोण आहे विचारा. तो स्वतः म्हणेल, "पंडितजी, कुछ सुनाइए," तेव्हा म्हणा. म्हणालाच नाही, तर बसून राहा.

ती वही अजून माझ्याकडे आहे. ज्याला उतरवून घ्यायची असेल त्याने रविवारी सकाळी घरी यावं. कोरी वही आणि पेन आपलं आपण आणावं.