वायरची पील सेशन्स नीट कशी ऐकायची (आणि कुठली फाईल उडवायची)

वायर हा सत्तरच्या दशकातल्या पंक काळातला ब्रिटिश रॉक बँड. आधी एक गैरसमज काढून टाकू. पील सेशन म्हणजे कॉन्सर्ट नाही. समोर पब्लिक नसतं, टाळ्या नसतात, आणि वाजवतायत त्याच क्षणी रेडिओवर जातंय असंही नसतं. जॉन पील बीबीसी रेडिओ १ वर रात्री उशिरा जो कार्यक्रम करायचा त्याच्यासाठी बँड लंडनमधल्या बीबीसीच्या स्टुडिओत, बहुतेक वेळा मेडा व्हेलला, जायचा, एका दिवसात साधारण चार गाणी वाजवायचा, गायकाचा आवाज आणि थोडेफार ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर चढवलेले जादा थर) वरून टाकायचे, मिक्सपण त्याच रात्री उरकायचं आणि चला घरी. रेडिओवर लागायचं नंतर, आठवड्याने नाहीतर पंधरवड्याने. हे सगळं पीलच्या हौसेपोटी नव्हतं बरं का. विकत मिळणाऱ्या रेकॉर्ड्स किती तास वाजवायच्या यावर तेव्हा ब्रिटनमध्ये मर्यादा होती, तिला नीडल टाइम म्हणायचे, ती १९८८ पर्यंत टिकली, म्हणून बीबीसीला स्वतःची ताजी रेकॉर्डिंग्ज लागायचीच.

आता वायरच का? डॅम्ड, बझकॉक्स, स्लिट्स, सूक्सी अँड द बॅन्शीज, त्या काळच्या या सगळ्या बँड्सची सेशन्स भारी आहेत, द फॉलची तर चोवीस आहेत, त्यात पडलात तर वर्ष गेलं समजा. वायरची फक्त तीन आहेत, एका संध्याकाळी होतात. आणि त्या तीनमध्ये दिसतं काय तर हा बँड बीबीसीत नवीन अल्बमची जाहिरात करायला जातच नव्हता, पुढचं काय ते वाजवून बघायला जायचा.

तर पहिलं काम, तारखा लिहून घ्या. प्रत्येक सेशनला दोन तारखा असतात, रेकॉर्ड कधी झालं आणि प्रक्षेपित कधी झालं, आणि लोक फाईलच्या नावात कुठलीही एक ठोकून देतात, मग एकाच सेशनच्या दोन फाईल दोन वेगळी सेशन्स म्हणून फिरत राहतात. वायरचं पहिलं १८ जानेवारी १९७८ ला रेकॉर्ड झालं, ३१ जानेवारीला लागलं. दुसरं २० सप्टेंबर १९७८, लागलं ३ ऑक्टोबरला. तिसरं ११ सप्टेंबर १९७९, लागलं १८ ला. फोल्डरला नाव देताना रेकॉर्डिंगची तारीख घ्या, कारण बँड त्या दिवशी कुठे पोचला होता ते तीच सांगते.

मग या तारखांशेजारी अल्बम ठेवा. 'पिंक फ्लॅग' १९७७ च्या शेवटी, 'चेअर्स मिसिंग' सप्टेंबर १९७८, '१५४' सप्टेंबर १९७९. आता बघा गंमत. पहिल्या सेशनमधलं एकच गाणं, '१०६ बीट्स दॅट', आधीच्या अल्बमवरचं आहे. 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट' आणि 'आय ॲम द फ्लाय' पुढे 'चेअर्स मिसिंग'वर गेली, आणि 'कल्चर व्हल्चर्स' तर त्या तिन्ही अल्बमवर कुठेच नाही. दुसरं सेशन त्याहून भारी. 'चेअर्स मिसिंग' नुकताच दुकानात आलाय, कुठलाही शहाणा बँड त्यातली चार गाणी वाजवेल, आणि हे लोक त्यातलं एकही वाजवत नाहीत! चारही गाणी एक वर्षानंतर येणाऱ्या '१५४' मधली.

म्हणून हे दुसरं सेशन ऐकायची माझी पद्धत सांगतो. आधी सेशनमधलं गाणं, लगेच अल्बमवरचं, मग परत सेशनमधलं. उलट क्रमाने नको, कारण अल्बम आधी ऐकला की कान त्यातली सजावट शोधत बसतात आणि सेशन अर्धवट वाटायला लागतं. 'द अदर विंडो' पासून सुरू करा, अल्बमवर ते गायलेलं नाही, जवळजवळ वाचून दाखवल्यासारखं आहे, सेशनमध्ये त्याचं काय होतं ते मी सांगत नाही, मजा जाईल. 'म्युच्युअल फ्रेंड' ला अल्बमवर निर्माता माइक थॉर्नच्या हाताखाली कोर अँग्ले (ओबोच्या कुळातलं फुंकून वाजवायचं वाद्य) सुद्धा येतं, तेव्हा सेशन ऐकताना रॉबर्ट गोटोबेडचे ड्रम्स आणि ग्रॅहम लुईसचा बेस एवढंच धरून बसा, गाण्याचा सांगाडा बरोबर कळतो.

आता फाईलचा दर्जा. स्ट्रेंज फ्रूट या लेबलने १९८९ मध्ये तिन्ही सेशन्स एका अल्बमवर काढली, नऊ ट्रॅक, बीबीसीच्या टेपवरून. तो मिळाला तर बाकी शोधाशोध थांबवा. पण घरच्या रेडिओवरून कोणीतरी कॅसेटवर घेतलेलं असेल आणि मध्ये पीलचा आवाज असेल तर तेही ठेवा, त्याचं रटाळ वाटणारं बोलणं ही वेगळीच मौज आहे. फक्त कॅसेटचा वेग तपासा. डेक थोडा जरी पळत असला तरी पट्टी चढते, साधारण सहा टक्के फरक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर. मी कितीतरी वर्षं एक असली चढलेली कॉपी ऐकून 'काय जोरात वाजवलंय' म्हणत होतो, नंतर कळलं जोर कॅसेट डेकचा होता. स्ट्रेंज फ्रूटच्या अल्बमवरच्या ट्रॅकशी लांबी ताडून बघा आणि ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करा, पण वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा, नुसती पट्टी उतरवली तर ठेका तसाच पळत राहतो.

स्पेक्ट्रोग्राम (फाईलमध्ये किती उंच स्वरापर्यंत आवाज आहे ते दाखवणारं चित्र) बघायची सवय असेल तर एक सावधगिरी. एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतोच, त्यामुळे रेडिओवरून घेतलेली फाईल वर कापलेली दिसली म्हणून लगेच ती एमपी३ वरून फुगवलेली आहे असं ठरवू नका. मात्र टेपवरून काढलेल्या म्हणवणाऱ्या फ्लॅक फाईलमध्ये (फ्लॅक म्हणजे दर्जा न गमावणारा फाईल प्रकार) १६ किलोहर्ट्झला आवाज भिंतीसारखा एकदम कापलेला दिसला तर संशय घ्या, आणि दुसरी चांगली कॉपी हातात असेल तर ही संशयास्पद फाईल बिनधास्त उडवा.

तिसरं सेशन मुद्दाम शेवटी ठेवलं. चार गाण्यांची जागा होती, '१५४' येतच होता, आणि यांनी वाजवलं काय तर 'क्रेझी अबाउट लव्ह' नावाचा सलग पंधरा मिनिटांचा एकच तुकडा. काही कॉप्यांमध्ये तो दोन भागांत तोडलेला सापडेल, बहुतेक कॅसेटची बाजू संपली म्हणून, तसा असेल तर जोडायच्या भानगडीत पडू नका, अख्खा शोधा. हेडफोन लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पाचव्या मिनिटाला कंटाळा आला तरी पुढे ढकलू नका, कारण पुढे ढकललंत तर परत पहिल्यापासून ऐकावं लागेल.