पोट, कंबर आणि ओटीपोट स्वतःच्या हाताने कसे ओळखावे

डॉक्टरांनी ‘नेमके कुठे दुखते?’ असे विचारले की बहुतेक जण सगळ्या पोटावरून तळहात फिरवतात, आणि कंबर दुखणारा माणूस तर बरगडीपासून मांडीपर्यंतचा सगळा भाग दाखवतो. एवढ्यावरून डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. पोटातली आतडी सतत हलत असतात, जेवल्यावर जठर मोठे होते, श्वासाबरोबर यकृत आणि मूत्रपिंडे खालीवर सरकतात. हाडे मात्र आपली जागा सोडत नाहीत. म्हणून आधी हाताला लागणारी हाडे ओळखावीत आणि मग त्यांच्या आधाराने आतल्या अवयवांच्या जागेचा अंदाज घ्यावा. वैद्यकीय शिक्षणातला हा क्रम घरच्या घरीही पाळता येतो.

लघवीला जाऊन यावे, जेवणाला दोन-तीन तास होऊ द्यावेत आणि सपाट अंथरुणावर उताणे पडून गुडघे वाकवावेत, म्हणजे पोटाचे स्नायू सैल राहतात. हात गार असतील तर एकमेकांवर चोळून गरम करावेत आणि बोटांची टोके न रुतवता त्यांचा सपाट भाग वापरावा. पोटात तीव्र कळा येत असताना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असताना किंवा गरोदरपणात पोट खोल दाबून पाहू नये.

सुरुवात कमरेपासून करावी. परकराची नाडी किंवा पट्टा जिथे टेकतो, त्याच्या खालीच दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाची रुंद कड लागते. त्या कडेवरून बोट पुढच्या बाजूला खाली उतरवत नेले की ती एका ठळक उंचवट्यापाशी संपते. सडपातळ माणसात हा उंचवटा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पुढच्या बाजूची ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. त्यानंतर बेंबीपासून सरळ खाली हात सरकवत जावे आणि जिथे मऊ पोट संपून हाड लागते, ते जघनास्थी समजावे. कमरेच्या उंचवट्यापासून या हाडापर्यंत तिरकी जाते ती जांघेची घडी. खोकताना किंवा वजन उचलताना या घडीपाशी फुगवटा येत असेल आणि आडवे झाल्यावर तो आत जात असेल, तर हर्नियाची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी. वरच्या बाजूला छातीचे मधले हाड संपते तिथून दोन्हीकडे उतरत जाणारी बरगड्यांची कमान चाचपून घेतली की पोटाच्या समोरच्या भागाची चौकट तयार होते.

आता उजवीकडच्या उंचवट्यापासून बेंबीपर्यंत एक सरळ रेषा मनात आखावी आणि उंचवट्याकडून तिचा एक-तृतीयांश भाग मोजावा. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 साली वर्णन केलेला हा बिंदू आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अपेंडिक्सला सूज आली की दाबल्यावर सर्वाधिक दुखते ते बहुधा इथेच. परंतु हे दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होते, कारण अपेंडिक्सकडून येणाऱ्या संवेदना आणि बेंबीजवळच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोहोचतात, आणि आतल्या अवयवाची नेमकी जागा मेंदूला कळत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचली की दुखणे उजवीकडे खाली सरकून एका जागी स्थिरावते. त्यामुळे डॉक्टरांना दुखण्याची जागा सांगताना ते आधी कुठे होते आणि मग कुठे गेले, हेही आवर्जून सांगावे; माझ्या मते ही माहिती जागेइतकीच मोलाची आहे.

बरगड्यांच्या उजव्या कमानीखाली यकृत आणि त्याला लागून पित्ताशय असते, तर डावीकडे जठर आणि त्याच्याही मागे, नववी ते अकरावी बरगडी यांच्या आड प्लीहा (स्प्लीन) असते. निरोगी प्रौढ माणसात प्लीहा हाताला लागत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असल्यामुळे त्याचे दुखणे पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन थेट पाठीत जाते. सडपातळ माणसाला बेंबीच्या वर, मध्यरेषेच्या जरा डावीकडे नाडीसारखे ठोके जाणवतात. ते महाधमनीचे असतात आणि त्यांत घाबरण्यासारखे काही नसते. मात्र वयस्कर माणसाला तिथे ठोके देणारी रुंद गाठ लागली, तर ती न दाबता लगेच डॉक्टरांना दाखवावी.

दुखणे पोटाच्या आतले आहे की भिंतीच्या स्नायूंचे, याचा अंदाज घेण्याची एक साधी रीत आहे. दुखऱ्या जागी बोट ठेवून डोके आणि खांदे उशीवरून थोडे उचलावेत, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात. त्या वेळी दुखणे वाढले तर ते बहुधा भिंतीचे असते आणि कमी झाले तर आतले असण्याची शक्यता अधिक असते. ही रीत निदानाची जागा घेऊ शकत नाही, पण तिचे उत्तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

पाठीकडच्या भागासाठी उभे राहावे. कमरेच्या दोन्ही कडांच्या सर्वांत उंच जागांवर हात ठेवून दोन्ही अंगठे आडवे कण्याकडे नेले की ते साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी भेटतात. कमरेत पाच मणके असतात, म्हणजे त्याखाली आणखी एकच मणका आणि मग त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड. पाठीतून पाणी काढताना किंवा सिझेरियनसाठी कमरेत भुलीचे इंजेक्शन देताना डॉक्टर हीच रेषा चाचपतात, कारण प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो आणि त्याखाली सुईने त्याला इजा होण्याची भीती नसते. आणखी खाली, नितंबांच्या वर, अनेकांना दोन खळगे दिसतात. तिथे कमरेच्या हाडाची मागची टोके असतात आणि त्रिकास्थीचा सांधा जवळच असतो. याच खळग्यांवर हात ठेवून ‘किडनी दुखते’ असे पुष्कळ जण सांगतात. मूत्रपिंडे प्रत्यक्षात बरीच वर, शेवटच्या बरगडीच्या आड असतात, आणि त्यांचे दुखणे ती बरगडी व कण्यालगतचा जाड स्नायू यांच्यामधल्या कोनात जाणवते. मुतखड्याची कळ तिथून निघून पुढे जांघेपर्यंत उतरते.

ओटीपोटाचे तळाचे हाड ओळखण्यासाठी लाकडी खुर्चीवर बसून नितंबांखाली तळहात सरकवावेत. जी दोन कठीण हाडे हातात रुततात, त्यांच्यावरच बसताना शरीराचे वजन असते. त्यांच्या आणि खुब्याच्या मधून शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू मांडीत उतरतो. कण्यात चकती सरकून या मज्जातंतूच्या मुळावर दाब आला की मुंग्या आणि कळ पायापर्यंत जातात. मूत्राशय रिकामे असताना जघनास्थीच्या मागे दडलेले असते आणि भरल्यावर वर येते. गर्भाशयही एरवी ओटीपोटातच असते. गरोदरपणाच्या साधारण बाराव्या आठवड्यात ते जघनास्थीच्या वर हाताला लागू लागते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपर्यंत पोहोचते.

दवाखान्यात जाण्याआधी दुखरी जागा एका बोटाने दाखवून पाहावी आणि ती जवळच्या हाडापासून किती बोटे दूर आहे ते लिहून ठेवावे. मात्र पोट फळीसारखे कडक झाले असेल, किंवा कंबरदुखीबरोबर पायांतले बळ गेले असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल, लघवी अडली असेल वा नकळत होत असेल, तर चाचपण्यात वेळ न दवडता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.