सेमी-ऑटो बारा बोअर घ्यायची आहे? या चुका टाळा

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की आमच्या गावात जागलीच्या गोष्टी सुरू होतात, कोणाच्या वावरात रोही (नीलगायी) बसले, कोणाचा अख्खा धुरा रानडुकरांनी उकरून टाकला, आणि मग एखादं पोट्टं मोबाईल काढून आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटो शॉटगनचा व्हिडिओ दाखवते, "दादा, हेच घेऊन टाकू ना, ट्रिगर दाबत राहायचं फक्त, अन् क्ले शूटिंग पण होऊन जाते." यंदा ते पोट्टं माझा भाचाच होता. मी घरच्या दुनळीवर शिकलो, काही वर्षांपासून ट्रॅप (हवेत सुटलेल्या चकत्या फोडायचा क्ले शूटिंगचा खेळ) खेळतो, क्लबच्या सेमी-ऑटोवर पण बरीच काडतुसं उडवली, म्हणून लोक मले विचारतात की कंपनी कोणती घेऊ. पण चुका होतात त्या कंपनीचं नाव काढायच्या कितीतरी आधी.

सगळ्यात महागाची चूक लायसनची. आपलं पीक संरक्षणाचं लायसन १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं, ते मुळात ठासणीच्या बंदुकीसाठी, आणि ठासणीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. सेमी-ऑटो त्यात बसत नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ती वेगळ्या वर्गात आहे, त्याची परवानगी जिल्ह्यातून नाही तर केंद्राच्या गृह खात्यातून लागते. खेळाडूंचे नियम वेगळे आहेत, पण तो रस्ता नेमबाजी असोसिएशनच्या मेंबरशिपपासून अन् स्पर्धेतल्या स्कोअरपासून सुरू होतो, दुकानापासून नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे घरात आधीच दुनळी असली तर एकच जागा उरली, ती विचार करून भरा. कोणी म्हणत असेल "आधी बुकिंग करा, कागदाचं पाहून घेऊ", तर तिथून उठून या, पैसे तर अडकतातच अन् वरून केस झाली तर घरदार कोर्टाच्या चकरा मारते.

दुसरी गोष्ट शिकारीची, आणि हे मी मनापासून सांगतो. परदेशातल्या व्हिडिओत बदकं, तितर पाडतात, त्यांच्याकडे सीझन असतो, परमिट असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, तितर नाही, ससा नाही, काही नाही. पीक खाणाऱ्या रानडुकराची अन् रोह्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, पण ती लेखी, आधी, आणि त्यातल्या अटींप्रमाणेच. हाती बंदूक आहे म्हणून हक्क येत नाही. आणि रात्री टॉर्चच्या उजेडात एलजी (जाड छर्र्यांचं) काडतूस सोडणं म्हणजे काय ते समजून घ्या, त्याचा एकेक छर्रा ९ मिलिमीटरच्या आसपास असतो, हुकला तर अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि तुरीच्या पलीकडे कोणाचा तरी बाप जागलीवर बसलेला असतो. सेमी-ऑटोत तर एक बार झाला की दुसरं काडतूस आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) येऊन बसते, बंदूक भरलेलीच राहते. दुनळी मोडून हातावर टाकली की दहा फुटावरच्या माणसाला दिसते की रिकामी आहे, सेमी-ऑटोचं तसं नाही, म्हणून रेंजवर बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) उघडा ठेवून चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायला लावतात. गावात घरी पण हीच सवय ठेवा.

आता "एकाच बंदुकीत दोन्ही कामं" हा हट्ट. ट्रॅपची चकती ११ सेंटिमीटर रुंद, १०५ ग्रॅमची, तुमच्यापासून लांब पळत जाते, तिच्यासाठी २४ ग्रॅमचं बारीक छर्‍याचं काडतूस अन् बऱ्यापैकी टाइट चोक, म्हणजे नळीचं तोंड जरा अरुंद. स्कीट या दुसऱ्या प्रकारात चकती जवळून आडवी जाते, तिथं खुला चोक. फुल चोक म्हणजे ४० यार्डावर ३० इंचाच्या गोलात साधारण ७० टक्के छर्रे, मॉडिफाईडला ६०, सिलिंडरला (म्हणजे चोक नसलेल्या नळीला) ४०, एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धी खरेदी सोपी होते. जुन्या फिक्स फुल चोकच्या नळीतून ठोस गोळी किंवा जाड छर्रा मारायच्या आधी जाणत्या गनस्मिथला नळी दाखवा. पंप ॲक्शन (पुढची मूठ हातानं मागं-पुढं करून भरायची बंदूक) मिळते म्हणून तीच घेऊन स्पर्धेत उतरायचं स्वप्न पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आंतरराष्ट्रीय ट्रॅप-स्कीटमध्ये सेमी-ऑटो चालते, पंप चालत नाही. माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या शेतकऱ्यानं वर-खाली नळीची दुनळी पाहावी, कागद सोपे अन् खेळ पण होते.

तरी ज्यांच्या हातात कायदेशीर सेमी-ऑटो आहे त्यांची एकच तक्रार असते, "अडकते". अडकण्याआधी ती कशावर चालते ते पाहा. गॅसवालीत नळीतल्या बारीक छिद्रांतून गॅस येऊन पिस्टन ढकलते, धक्का कमी लागते पण काजळी जमते, शे-दोनशे काडतुसांनंतर पिस्टन पुसला नाही तर रिकामं कवच अर्धवटच बाहेर येते. रेमिंग्टन ११०० सारखीत एक रबरी रिंग असते, ती चिरली तरी हेच होते, आणि लोक उगाच स्प्रिंग बदलत बसतात. इनर्शियावाली बेनेलीसारखी बंदूक आतून स्वच्छ राहते, पण ती चालते मागे बसणाऱ्या धक्क्यावर, म्हणून नवीन असताना २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर अडखळू शकते, आणि नळीवर जड टॉर्च लटकवला की वजन वाढून ती मागं कमी सरकते. मी स्वतः एकदा पूर्ण राउंड हीच बोंब मारत काढला, काडतुसं दोन ग्रॅम जड घेतली तर मामला मिटला. वाडवडिलांची ब्राउनिंग ऑटो-५ असेल तर आतली फ्रिक्शन रिंग हलक्या अन् जड काडतुसासाठी वेगवेगळ्या जागी बसते, चुकीची बसवली की एकतर अडकते नाहीतर लाकूड तडकते. ३.५ इंच चेंबरच्या मोहात पडू नका, ७० मिलिमीटरचं साधं काडतूस तुमचं रोजचं काम आहे अन् मोठ्या चेंबरच्या बंदुका बरेचदा हलक्या लोडवर कुरकुर करतात. उलट जुन्या इंग्लिश दुनळीचं चेंबर ६५ चं असेल तर त्यात ७० चं घालू नका, आत बसते पण बार झाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते, प्रेशर वाढते.

ट्रिगर दाबला अन् नुसतं "टिक" झालं तर नळी सुरक्षित बाजूला ठेवून निदान ३० सेकंद थांबा, लगेच बोल्ट ओढू नका. आणि बार "फुस्स" वाजला तर तिथंच थांबा, नळीतून आरपार पाहा, वॉड (काडतुसातला बोळा) अडकला असेल अन् पुढचं काडतूस सुटलं तर नळी फुटते. तेच काळ्या मातीचं, वावरात बंदूक टेकवली अन् नळीच्या तोंडात चिखल गेला तरी तेच. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या पिशवीत कधीच नको, ते नळीत पुढं सरकून बसते, दिसत नाही, म्हणूनच त्याचं कवच पिवळं करतात. पावसाळ्यात बंदूक कापडी किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ओल धरते. तेल पातळ हात मारल्यासारखं, थापू नका, मळणीची धूळ बसली की त्याचा लगदा होते.

राहिलं मापाचं. भाच्याले घेऊन भोपाळच्या रेंजवर गेलो होतो, पोट्टं उजव्या खांद्यावर धरत होतं अन् चकती डाव्या बाजूनं सुटत होती, २५ मध्ये ४ फोडल्या. बंदुकीचा दोष काढायला सुरुवात केली त्यानं. कोचनं हाताच्या पंजाचं भोक करून त्याच्यातून दूरचा खांब पाहायला लावला, त्याचा डावा डोळा मास्टर निघाला, म्हणजे नेम तोच धरत होता. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, दस्त्याखाली अर्ध्या इंचाचं पॅड घातलं, पुढच्या २५ मध्ये ११ फोडल्या, त्याच बंदुकीनं. परतीच्या गाडीत इटारसीपर्यंत एका शब्दानं कंपनीचं नाव नाही काढलं त्यानं, आमला स्टेशनवर फक्त एवढंच विचारलं, "मामा, पुढच्या महिन्यात कधी जायचं?"