टेमर खोरे कसे पाहावे: रेल्वे, भरती आणि खाणींची धुराडी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल यांची हद्द टेमर नदीने आखली आहे. इथे पहिली चूक होते ती मोटारीची. नकाशात समोरासमोर दिसणारी गावे रस्त्याने फार लांब पडतात, कारण प्लिमथजवळचा टेमर पूल सोडला तर वर गनिस्लेक गावापर्यंत नदीवर मोटारीचा दुसरा पूलच नाही. गनिस्लेकचा पूल सोळाव्या शतकातला आणि अरुंद, एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडणारा. तेव्हा गाडी प्लिमथला ठेवा आणि गनिस्लेकची रेल्वे धरा. अंतर 14 मैल, वेळ सुमारे पाऊण तास. गाड्या थोड्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी टिपून मगच निघा.

जाताना डावी खिडकी पकडा. अभियंता ब्रुनेलचा 1859 चा रेल्वे पूल डोक्यावरून जातो आणि पुढे नदी बाजूला राहते. बिअर ऑल्स्टनला गाडी थांबते, चालक दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलटी निघते. घाबरून उतरू नका. टॅव्हिस्टॉककडे जाणारा पुढचा मार्ग 1968 मध्ये बंद झाल्यामुळे आता गनिस्लेककडचा फाटाच उरला आहे. कॅलस्टॉक येण्याआधी गाडी 12 कमानींच्या, सुमारे 37 मीटर उंच पुलावरून नदी ओलांडते. हा पूल दगडाचा वाटतो, पण आहे काँक्रीटच्या ठोकळ्यांचा.

कॅलस्टॉकला उतरून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने कोटहील धक्क्यापर्यंत चाला. (स्थानिक उच्चार ‘कटील’.) जायला पाऊण ते एक तास धरा. वाट झाडीतून जाते, पावसानंतर चिखल असतो, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट हवेत. इथली नदी भरती-ओहोटीची आहे, आणि ओहोटीला धक्क्यासमोर नुसता गाळ दिसतो. प्लिमथचे भरतीचे वेळापत्रक पाहून त्या सुमारास पोहोचा. 1899 साली बांधलेली ‘शॅमरॉक’ ही मालवाहू शिडाची नौका तेव्हाच खरी खुलते. धक्क्याच्या वर असलेल्या कोटहील या ट्यूडरकालीन (सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या) वाड्याच्या जुन्या दालनांत विजेचे दिवे नाहीत. हिवाळ्यात दुपार ढळल्यावर जाल तर अंधारच पाहाल.

आता खाणी. झाडीत उंच भिंती आणि कोपऱ्यात धुराडे दिसले की ते इंजिनघर. एक भिंत बाकीच्यांपेक्षा जाड असते: तिच्यावर वाफेच्या इंजिनाची प्रचंड तुळई झुलायची आणि खाणीत साचलेले पाणी उपसायची. त्यामुळे पंपाचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी खोल उभी विहीर, त्या जाड भिंतीच्या लगत समोरच असतो. फोटोसाठी नेमके तिथेच उभे राहायचा मोह होतो. जुन्या शाफ्टवरचे झाकण कुजलेले असू शकते. कुंपण असो वा नसो, त्या बाजूला जाऊ नका. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर 108 हा नकाशा ठेवा, त्यात जुन्या खाणी दाखवलेल्या असतात.

दुसरा दिवस डेव्हन ग्रेट कन्सोल्स या जुन्या खाणीला द्या. डेव्हन बाजूला गलवर्दीजवळ टेमर ट्रेल्सच्या आखलेल्या वाटा या परिसरातून जातात. 1844 मध्ये इथे तांब्याची प्रचंड शीर सापडली. तांबे सरत आल्यावर आर्सेनिक हे विषारी द्रव्य काढले जाऊ लागले: धातूमिश्रित दगड भाजायचा, धूर वळणावळणाच्या लांब नळ्यांतून फिरवून थंड करायचा आणि भिंतींवर जमलेली पांढरी पूड माणसांनी हाताने खरवडायची. नाकात कापूस कोंबणे आणि अंगाला माती फासणे, एवढेच संरक्षण.

ते विष अजून मातीत आहे. म्हणून उघड्या, गवत न उगवलेल्या टेकाडांवर चढू नका, दगड खिशात घालू नका, तिथली ब्लॅकबेरी तोडून खाऊ नका. लहान मुलांचे हात खाण्यापूर्वी धुवा, कुत्रा साखळीलाच ठेवा, बूट गाडीत बसण्याआधी घासून घ्या.

वेळ उरला तर टेमरवरचा मॉरवेलम धक्का. समुद्रापासून इतक्या आत जहाजे येत आणि तांब्याचे खनिज वेल्समधल्या स्वान्झीला नेत, कारण ते वितळवायला खनिजापेक्षा जास्त कोळसा लागायचा; कोळशाकडे खनिज नेणेच स्वस्त. धक्क्यावरचे संग्रहालय त्या दिवशी उघडे आहे का, हे निघण्यापूर्वी तपासा.