सॉग्रासचं १७ वं होल शेवटी जमलं

फ्लोरिडातला टीपीसी सॉग्रास गोल्फ कोर्स, पीट डायने डिझाइन केलेला, त्याचं १७ वं होल म्हणजे जेमतेम १३७ यार्ड, पार ३ (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं), पण ग्रीनच्या, म्हणजे जिथे झेंडा आणि खड्डा असतो त्या बारीक गवताच्या, चहूबाजूंनी पाणी. गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये ऑनलाइन मॅचला मी तिथे सलग चार बॉल बुडवले, समोरचा बहुतेक हसत असणार!

मला वाटायचं वारा नडतोय, पण खरा घोळ टीव्हीचा होता राव, चित्र उशिरा येत होतं म्हणून स्विंगचं टायमिंग दरवेळी चुकायचं. टीव्हीचा गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारं सेटिंग) ऑन केला, अर्धा तास नुसती प्रॅक्टिस. आणि झेंडा कुठेही असो, मी ग्रीनच्या मधोमधच मारतो. समोरून वारा असला की एक क्लब मोठा (जास्त लांब मारणारी काठी) घेऊन सावकाश स्विंग. काल ग्रीनवर पोचून दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत) पार!